धाकट्या जावेची नोकरी

राजुरीच्या मंगलनं सासूची चार वर्षं सेवा केली, पण ती कधी कुणाला बोलून दाखवली नाही. दाखवावी असं तिला वाटलंही नव्हतं. मग धाकटी जाऊ म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर जपानला निघाली, आणि त्या दिवसापासून मंगलच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

घर गावापासून जरा बाजूला, मळ्यात. चार खोल्यांचं, स्लॅबचं. बिबट्याच्या भयानं ओट्याला लोखंडी जाळी लावून घेतलेली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी साळुबाईंची खाट. कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसल्या बसल्या त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्यांचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, भरवणं, दर दोन-अडीच तासांनी कूस बदलणं हे सगळं मंगलकडं आलं. तिला कुणी नेमलं नव्हतं. थोरली सून, दिवसभर घरात, म्हणून आलं. नवरा संपत शेतात आणि गोठ्यात राबणारा, शांत माणूस. आईच्या खाटेशी उभा राहायचा, "बरं हाय का आई?" विचारायचा, आणि उत्तर येणार नाही हे माहीत असल्यानं लगेच बाहेर पडायचा. दीर आदेश चाकणला कंपनीत. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा.

आदेशची बायको तेजस्विनी. माहेर नारायणगाव, नर्सिंग झालेली. तिथल्याच एका दवाखान्यात स्कूटीवरून ड्युटीला जायची. वागायला वाईट नव्हती. घरी आली की सासूजवळ बसायची, बीपी मोजायची, आकडा वहीत लिहायची, गोळ्या बदलून आणायची. हगण्या-मुतण्याचं भांडं मात्र तिनं कधी उचललं नाही. मंगलनं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही, आणि तीन वर्षं तसंच चालत राहिलं.

मंगलचं माहेर निरगुडसर. बारावीला ती वर्गात दुसरी आली होती. मंचरला नर्सिंगला जायचं म्हणून तिनं फॉर्म आणला, फोटो काढून घेतले. त्याच महिन्यात राजुरीचं स्थळ आलं. वडील म्हणाले, लग्न झाल्यावर शीक की, कोण नको म्हणतंय. पुढं हर्षाली झाली, गाई वाढल्या, विषय तिथंच राहिला. हे सगळं मंगल विसरून गेली होती, म्हणजे तिला तसं वाटत होतं.

तेजस्विनीला जपानचं कळलं ते दवाखान्यातल्या एका मैत्रिणीकडून. तिकडं म्हातारी माणसं फार आणि बघणारी कमी, म्हणून बाहेरून माणसं नेतात. भाषा शिकायची, परीक्षा द्यायची, मुलाखत द्यायची. तेजस्विनी पुण्याला हॉस्टेलवर राहून आठ महिने शिकली, पास झाली, आणि संक्रांत झाल्यावर गेली. वेशीपाशी बॅनर लागला. काळा कोट घातलेली तेजस्विनी आणि खाली मोठ्या अक्षरांत 'राजुरीच्या सुनेची जपानमध्ये भरारी.' डेअरीला दूध घालायला जाताना मंगलला रोज त्या बॅनरखालून जावं लागायचं. शेजारच्या मळ्यातली कुशाबाई डेअरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "आता तुमचं घर लई पुढं गेलं गं मंगल." मंगल हसली. घरी येऊन तिनं सासूची घाण झालेली चादर बदलली, मोरीत बसून पिळली, आणि पिळता पिळता तिच्या मनात पहिल्यांदा ते उघड शब्दांत आलं. काम तर हेच आहे. मी करते तर कुणाला दिसत नाही, आणि ती करायला निघाली तर बॅनर लागतो.

तेजस्विनीची ड्युटी तिकडच्या पाचला सुटायची, म्हणजे इकडं दुपारचे दीड. आदेश कामावर असायचा, म्हणून ती घरीच व्हिडिओ कॉल लावायची. पहिले दोन महिने ती रडत होती. निगाता भागात कुठंतरी लहान शहर, तिथला एक वृद्धाश्रम, खिडकीबाहेर माणसाच्या उंचीइतका बर्फ. पहिला महिना तिला कुणा म्हाताऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही. टॉवेलच्या घड्या, आणि दातांच्या कवळ्या घासणं. चादरीचा कोपरा जरा सैल राहिला तर लीडर सातो-सान, म्हणजे सातोबाई, काही न बोलता ती उचकटायची आणि पुन्हा घालायला लावायची. माणसाला कुशीवर वळवायचं तर आधी समोर बसून, डोळ्यात बघून सांगायचं की मी आता तुम्हाला वळवते आहे. प्रत्येक वेळी. आणि कामाच्या शेवटी सगळ्यांचं काय झालं ते जपानी अक्षरांत लिहायचं. बाकीच्या पाच मिनिटांत लिहून घरी जात, तेजस्विनीला चार ओळींना पाऊण तास लागे. भात मिळायचा, पण चिकट. तिखट नाही. रस्त्यावर माणूस नाही. "ताई, मी परत येऊ का हो?" असं तिनं तीनदा विचारलं.

मंगल तिला धीर द्यायची. "व्हईल समदं नीट, दम काढ," म्हणायची. आणि फोन ठेवल्यावर तिला बरं वाटायचं. हे बरं वाटणं तिला कळत होतं. कवळ्या घासायला गेली का एवढ्या लांब, असं मनात यायचं, आणि त्या दुपारी हातातलं काम हलकं व्हायचं. डेअरीवर कुशाबाईनं विचारलं की मंगल मुद्दाम सांगायची, "लई हाल आहेत बिचारीचे. रडती रोज." बिचारी हा शब्द तिला गोड लागायचा.

मार्चअखेरीस तेजस्विनीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, घाबरलेली होती. तिच्याकडं आता एक म्हातारी दिली होती, कोबायाशी आजी. एक्क्याण्णव वर्षांची, जन्मभर भातशेती केलेली. ती बाकी सगळ्यांच्या हातचं थोडंफार खायची, पण तेजस्विनी समोर बसली की तोंड घट्ट मिटून घ्यायची. तीन दिवस झाले होते. सातो-साननं रोज वहीत लिहिलं होतं. असंच राहिलं तर माझं इथं काही खरं नाही, असं तेजस्विनी म्हणाली.

"आत्याबाई तोंड मिटून घ्यायच्या ना सुरुवातीला. तुम्ही काय करायच्या, ताई?"

मंगल तेव्हा सासूपाशीच बसलेली होती, आणि विचार करायच्या आत उत्तर तिच्या तोंडून निघून गेलं. "हाताला काम दे तिच्या. आत्याबाईंच्या डाव्या हातात मी घेवड्याच्या शेंगा देती. त्या सोलत बसत्यात. हात चालला का तोंड आपसूक उघडतं. नुसतं बसवून चमचा पुढं केला ना, का माणसाला लाज वाटती. जन्मभर दुसऱ्याला वाढलेलं असतंय."

हे मंगलनं स्वतःच शोधलेलं होतं. पहिल्या वर्षी साळुबाई पंधरा दिवस जेवल्या नव्हत्या. एकदा शेंगा निवडायचं सूप चुकून खाटेवर राहिलं, म्हातारीचा डावा हात शेंगांकडं गेला, आणि मंगलला ते दिसलं.

चार दिवसांनी तेजस्विनीचा फोन आला. तिनं आजीला सोयाबीनच्या हिरव्या शेंगा दिल्या होत्या. आजीनं त्या एकेक करून सोलल्या, दाणे वाटीत टाकले, आणि मधल्या मधे अख्खी वाटीभर पेज संपवली. सातो-सान दारात उभी राहून बघत होती. तेजस्विनी हसत होती, तिच्या मागं खिडकीत ऊन होतं. मंगलनं "बरं झालं" म्हटलं. त्या दुपारी मात्र तिला हलकं वाटलं नाही.

तिथून तेजस्विनीचं बस्तान बसत गेलं. लिहिण्याचा पाऊण तास वीस मिनिटांवर आला. सायकल घेतली. शेजारच्या खोलीत नेपाळची एक मुलगी होती, तिच्याबरोबर मसूर शिजवायला लागली. फोटो यायला लागले: गुलाबी फुलांच्या झाडाखाली तेजस्विनी, निळ्या गणवेशात तेजस्विनी, आजीच्या चाकाच्या खुर्चीमागं वाकून उभी तेजस्विनी. मंगलची मुलगी हर्षाली दहावीत होती. ती ते फोटो मोठे करून बघायची, काकीकडून जपानी आकडे शिकायची, आणि भाकरी थापताना मोठ्यानं म्हणायची. एकदा आईला म्हणाली, मी पण काकीसारखंच करणार. मंगल तिला म्हणाली, आधी ते पीठ सांडतंय ते बघ. पोरीला काय चुकलं कळलं नाही.

मग जून महिन्यात त्या वृद्धाश्रमाच्या मासिक पत्रकात तेजस्विनीचा फोटो छापून आला. आदेशनं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. मजकूर जपानीत होता, तो हर्षालीनं मोबाईलवर मराठी करून आईला वाचून दाखवला. मोबाईलची मराठी वेडीवाकडी होती, पण अर्थ कळत होता. तेजस्विनी-सान यांनी भारतात स्वतःच्या अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंची घरी सेवा केली आहे. हाताला काम देऊन जेवू घालण्याची पद्धत त्या अनुभवातून त्यांना सापडली.

हर्षाली वाचता वाचता थांबली. आईकडं बघितलं.

"चुकून लिहिलं असेल गं," ती म्हणाली.

"असंल," मंगल म्हणाली, आणि उठून गोठ्यात गेली. गाईला वैरण घातली, जी आधीच घातलेली होती. चार वर्षं. प्रत्येक कूस, प्रत्येक चमचा. पंधरा दिवस सासू जेवली नाही तेव्हा तीही नीट जेवली नव्हती. आणि आता ते सगळं एका ओळीत दुसरीच्या नावावर छापलं गेलं होतं, जपानी अक्षरांत, म्हणजे भांडायचं तर कुणाशी भांडणार. तिनं संपतला सांगितलं नाही. तेजस्विनीलाही विचारलं नाही. दुपारी दीडला फोन वाजला की ती हर्षालीला म्हणायची, तू बोल, मला कामं हायेत.

ऑगस्टमध्ये नणंद रुपाली चार दिवस राहायला आली होती. तेव्हा एका दुपारी फोन आला आणि रुपालीनं तो उचलून भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे तेजस्विनीला सगळं घर दिसावं. मंगल तेव्हा सासूला पेज पाजत होती. नेहमीसारखीच, मान मागं उशीवर टेकवून, तोंड वर करून, चमच्यानं थोडी थोडी सोडत.

"ताई, असं उताणं ठेवून पाजू नका," तेजस्विनी पलीकडून म्हणाली. "श्वासनळीत जातं. पूर्ण बसवा, हनुवटी जरा खाली घ्या, आणि पाणी एकदम पातळ देऊ नका, घट्ट करून द्या. इथं आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवतात."

"बघ बाई," रुपाली कौतुकानं म्हणाली. "शिकलेल्या माणसाची नजरच येगळी."

मंगलच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग तिनं चमचा पुढं केला, आणि त्याच पद्धतीनं उरलेली पेज पाजली, रुपालीकडं न बघता.

त्यानंतरचे अकरा दिवस तिनं जे केलं ते पुढं तिला कधीच कुणाला नीट समजावून सांगता आलं नाही. तेजस्विनीचं बोलणं तिला पटलं होतं. पेज पाजताना सासूला मधेच ठसका लागतो, डोळ्यात पाणी येतं, घशात घरघरतं, हे तिनं कितीदा बघितलं होतं. बसवून पाजलं तर ते थांबेल हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण बसवायला हात लावला की रुपालीचा आवाज आठवायचा, छापलेली ओळ आठवायची, आणि हात थांबायचा. एकदा हर्षालीनं आजीच्या पाठीमागं दोन उशा लावून तिला सरळ बसवलं. मंगलनं एक उशी काढून घेतली. "आजवर काय मेली का ती माझ्या हातानं?" असं बोलली.

बाराव्या दिवशी सकाळी साळुबाईंचं अंग भाजत होतं. छातीतून भात रटरटल्यासारखा आवाज येत होता, ओठ निळे पडले होते. संपतनं शेजाऱ्याची गाडी आणली आणि आळेफाट्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी छातीचा फोटो काढून बघितला आणि म्हणाल्या, न्यूमोनिया आहे, अन्न फुफ्फुसात गेलंय. मग विचारलं, यांना भरवता कसं?

संपत मंगलकडं बघायला लागला. त्याला माहीतच नव्हतं.

"बसवून," मंगल म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. तो दिवस मंगलनं खाटेशेजारच्या स्टुलावर काढला. सासूच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेला, डावा हात चादरीवर पडलेला. त्या हातात द्यायला काही नव्हतं, आणि दिलं असतं तरी तो हलला नसता. आपण काय बोललो ते तिला स्वतःलाच पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाई तपासायला आल्या तेव्हा संपत चहा आणायला गेलेला होता. मंगल उभी राहिली.

"बाई, मी काल खोटं बोलले. मी त्यांना उताणं ठेवून पाजत व्हते."

डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच घरी तसंच पाजतात, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

"सांगितलं व्हतं," मंगल म्हणाली. "अकरा दिवस आधी सांगितलं व्हतं. माझ्या जावेनं सांगितलं, म्हणून मी केलं न्हाई."

डॉक्टर रागावल्या नाहीत. एक खुर्ची ओढली, साळुबाईंना दोघींनी मिळून उठवलं, आणि मान कशी ठेवायची, चमचा किती भरायचा, गिळल्यावर किती थांबायचं हे मंगलला करून दाखवलं. मंगलनं बघितलं आणि स्वतः करून दाखवलं. पहिल्याच वेळेस बरोबर आलं.

दीड वाजता तिनं स्वतः होऊन तेजस्विनीला फोन लावला. आजवर कधी लावला नव्हता. तेजस्विनी गणवेशातच होती, धावत जिन्यात आली असावी, मागं कठडा दिसत होता. मंगलनं तिला सगळं सांगितलं. उशी काढून घेतली तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझा जळफळाट व्हत व्हता तुझ्यावर. तू गेली तवापासनं."

तेजस्विनी जिन्याच्या पायरीवर बसली. मंगलला वाटलं, आता ही फोन ठेवणार.

"ते पत्रकातलं तुम्ही वाचलंत ना?" तेजस्विनीनं विचारलं.

"हर्षालीनं वाचून दाखवलं."

मग तेजस्विनीनं तिची बाजू सांगितली. पुण्यात क्लासमधल्या लोकांनी मुलाखतीला सांगून ठेवलं होतं की घरी कुणाची सेवा केली असेल तर ते बोला, त्यांना आवडतं. तिनं सासूचं सांगितलं. मुलाखतीत एकदा बोलली ते कागदावर आलं, आणि कागदावर आलेलं पुढं फिरवता येईना. शेंगांचं कुठं शिकलात असं सातो-साननं बैठकीत विचारलं, तेव्हा सगळे तिच्याकडं बघत होते. पहिल्यांदाच कुणी तिच्याकडं तसं बघत होतं. तुमचं नाव तोंडात आलं होतं, ती म्हणाली, पण मी गिळलं. त्यानंतर तुम्ही फोनवर यायचं बंद केलंत, तेव्हाच कळलं.

"मी आत्याबाईंचं एक भांडंसुद्धा उचललं नाही, ताई. इथं रोज बारा जणांचं उचलते, तेव्हा दर वेळेला तुम्ही आठवता."

मंगलनं फोन सासूच्या चेहऱ्यापुढं धरला. तेजस्विनी मास्कमधून येणारा आवाज ऐकत राहिली, मग म्हणाली, कफ साठलाय, कुशीवर घ्या थोडा वेळ. मंगलनं घेतलं.

साळुबाई वाचल्या. दहाव्या दिवशी घरी सोडलं. अंगानं निम्म्या झाल्या होत्या, पण डोळ्यांत ओळख होती. सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर बाईंनी दवाखान्यातल्या नव्या दोन मुलींना बोलावून साळुबाईंची पाठ दाखवली होती. चार वर्षं खाटेवर आहेत आणि पाठीवर एक जखम नाही, असं त्या मुलींना म्हणाल्या. मग मंगलला बाजूला घेऊन विचारलं, आमच्याकडं कामाला याल का? सकाळी नऊ ते तीन. पेशंटचं अंग पुसणं, वळवणं, भरवणं, आणि नातेवाइकांना शिकवणं.

मंगलनं घरी विषय काढला तेव्हा संपतनं पहिला प्रश्न तोच विचारला, जो तो विचारेल असं ती मानून चालली होती. आईचं कोण बघणार?

"तुमची आई हाय," मंगल म्हणाली. आवाज चढवला नाही.

संपत उठून गोठ्यात गेला. आदेश शनिवारी आला, त्यालाही ते पटलं नाही. एखादी बाई ठेवू म्हणाला. संपतच मग म्हणाला, बाई कशाला, मी बघतो, धारा-वैरण उरकल्यावर मला तसं काय काम असतंय. हे तो मंगलकडं न बघता म्हणाला. दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस मंगलनं नवऱ्याला शिकवलं. भांडं कसं सरकवायचं, चादर माणसासकट कशी बदलायची. पहिल्या दिवशी तो बाहेर जाऊन ओकला. चौथ्या दिवशी आईला बसवून भरवताना त्याच्या चमच्यातली पेज सांडायची थांबली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंगल पहिल्यांदा जीपमध्ये बसून आळेफाट्याला कामावर गेली.

तिथं तिचा जीव रमायला महिना लागला. पहिल्या आठवड्यात एका नातेवाइकानं तिला आया म्हणून हाक मारली आणि चहाचे कप धुवायला सांगितले. तिनं धुतले. दुसऱ्या आठवड्यात घाटघरकडचे एक सोमाजी नावाचे आजोबा खुबा मोडून आले होते, त्यांची सून बाजूला उभी राहून सगळं बघत होती, पण हात लावायला घाबरत होती. मंगलनं तिला सांगितलं नाही, नुसता तिचा हात धरून सासऱ्याच्या पाठीखाली घातला. तीन दिवसांनी ती सून एकटी त्यांना वळवत होती.

घरी मात्र वेगळंच काही झालं. नोव्हेंबरात एकदा दुपारी ती लवकर सुटली. ओट्यावर आली तर जाळीतून आतलं दिसलं. संपत आईला भरवत होता आणि गाईबद्दल काहीतरी सांगत होता, काल कशी दावं तोडून कुशाबाईच्या कोथिंबिरीत शिरली ते. साळुबाईंचं अर्धं तोंड हसत होतं. मंगल तिथंच उभी राहिली. चार वर्षं आपण ह्यांना इतक्या जिवानं जपलं, पण अशा त्या आपल्याकडं बघून कधी हसल्या नाहीत. लेक तो लेक. पुन्हा तेच दुखणं, तेच पोटात, आणि ह्या वेळेस नवऱ्याबद्दल. तिनं चपला काढल्या, आत गेली, आणि म्हणाली, "चमचा एवढा भरू नका."

तेजस्विनी पुढच्या वर्षी मे महिन्यात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली. बारीक झाली होती, केस कापले होते. दारात कुणी आलं की नकळत वाकायची. गावातल्या बायका तिला बघायला आल्या, रुपाली मुक्कामाला आली. सगळे तिला तिकडचं विचारत होते आणि मंगल चहा करत होती. आळेफाट्याला आपणही काम करतो हे कुणाच्या ध्यानात नाही, हे मंगलला दर कपागणिक कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्विनीनं सासूला आंघोळ घालते म्हणून सांगितलं. मंगल पुसून घ्यायची, पण पुरी आंघोळ इतक्या वर्षांत जमली नव्हती. तेजस्विनीनं प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या बैठकीत मधोमध भोक पाडून घेतलं होतं, ती मोरीत ठेवली, संपतच्या मदतीनं म्हातारीला त्यावर बसवलं. समोर उकिडवी बसून, डोळ्यात बघून सांगितलं, "आत्याबाई, आता पायावर कोमट पाणी घालते." मग घातलं. मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, दर वेळी आधी सांगून. खांद्यावरून पाणी आलं तेव्हा साळुबाईंनी डोळे मिटले आणि घशातून एक आवाज काढला, लांब, समाधानाचा. मंगल दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती मत्सरानं नुसती पेटली. टॉवेल तिथंच टाकून निघून जावं असं वाटलं. गेली नाही.

"ते सांगून करतेस ना तू," ती म्हणाली, "ते पुन्हा एकदा कर. पाय कुठनं धरलास ते दिसलं न्हाई मला."

तेजस्विनीनं पुन्हा केलं. त्या आठवड्यात मंगलनं दोनदा स्वतः आंघोळ घातली, तेजस्विनी नुसती बघत होती, आणि दुसऱ्या वेळी तिनं काहीच दुरुस्त केलं नाही.

जायच्या दोन दिवस आधी दोघी ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. मंगलनं मान वर न करता विचारलं, तिकडं माझ्यासारख्या बाईला घेत्यात का? तेजस्विनीनं खोटं सांगितलं नाही. बारावी चालते, वय कागदावर आडवं येत नाही, पण भाषेला दोन वर्षं जातील, आणि इथलं सगळं सोडून जावं लागेल. तुम्ही याल का ताई?

"न्हाई," मंगल म्हणाली. "विचारलं नुसतं."

तेजस्विनी गेली त्या दिवशी आदेशनं गाडी केली होती. मुंबईपर्यंत पोचवायला संपत, रुपाली, हर्षाली सगळे निघाले. मंगलनं सकाळीच तेजस्विनीची ओटी भरली, तिच्या पिशवीत काळ्या मसाल्याची बरणी ठेवली. साळुबाईंपाशी त्या दिवसापुरती कुशाबाई बसणार होती. बॅगा गाडीत चढत होत्या, हर्षाली काकीचा हात सोडत नव्हती, आणि मंगलच्या पोटात ठरल्यासारखं दुखलं. तिनं ते दुखू दिलं. साडेआठ वाजले होते. रस्त्यावर जीपवाल्यानं हॉर्न दिला. मंगल सगळ्यांच्या आधी, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, बांधावरून झपझप निघाली, कारण दवाखान्यात दोन नंबरच्या खाटेवरच्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा उभं करायचं होतं.